गिअरबॉक्सचा आवाज आणि त्याचे निदान

रोज मोटार चालवणाऱ्या माणसाला आपल्या गाडीचे नेहमीचे आवाज जाणवेनासे होतात. इंजिनाची धडधड, टायरांची सळसळ, दारांची बारीक खडखड हे सारे त्याच्या कानाच्या सवयीचे झालेले असते. परंतु या परिचित गोंगाटात एखादा नवा स्वर मिसळला की तो ताबडतोब खटकतो. अशा वेळी बहुतेक चालक दोहोंपैकी एक मार्ग पत्करतात. काही जण रेडिओ मोठा करतात व तो स्वर आपोआप नाहीसा होईल अशी आशा बाळगतात. काही जण घाबरून समोर दिसेल त्या गॅरेजात शिरतात आणि "आवाज येतो" एवढेच सांगून मोकळे होतात. दोन्ही मार्ग महाग पडण्याचा संभव असतो. दुर्लक्षामुळे एका बेअरिंगच्या किमतीत भागणारे काम संपूर्ण गिअरबॉक्स बदलण्यापर्यंत जाऊन पोहोचते. याउलट, घाईने गिअरबॉक्स उतरवून उघडावा आणि दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये होता असे मागाहून आढळावे, हेही घडते. यात केवळ मजुरी वाया जाते असे नव्हे. झिजलेले बेअरिंग चाकात तसेच राहून गाडी पुन्हा रस्त्यावर येते, आणि तो धोका गाडीतील सर्वांच्या जिवाशी असतो.

या प्रकरणात हाताने गिअर बदलण्याच्या गाडीतील अनोळखी आवाजाचा उगम कसा शोधावा, याचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. गरज आहे ती गाडीच्या रचनेच्या थोड्या माहितीची, आणि एकामागून एक शक्यता गाळत जाण्याच्या शिस्तीची.

पहाडगंजचे रस्ते आणि गाडीची झीज

निदानाला आरंभ करण्यापूर्वी गाडी कोठे आणि कशी चालते हे पाहणे उपयुक्त ठरते. उदाहरणादाखल आपण दिल्लीतील पहाडगंज घेऊ. नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस पसरलेली ही जुनी वस्ती मराठी प्रवाशाला परकी नाही. बृहन्महाराष्ट्र भवन व नूतन मराठी विद्यालय या संस्था याच भागात आहेत. स्थानकासमोरून निघणारा मेन बझार, उत्तरेकडील देशबंधू गुप्ता रोड, स्थानकालगतचा चेम्सफर्ड रोड या रस्त्यांवर सायकलरिक्षा, हातगाड्या, सामान घेतलेले पादचारी आणि मोटारी एकाच वेळी वाट काढीत असतात. येथे गाडी धावत नाही, ती सरपटते. चालक पहिला गिअर टाकतो, चार हात पुढे जातो, पुन्हा क्लच दाबतो आणि थांबतो. स्थानकाच्या दाराशी प्रवाशाची वाट पाहताना कित्येकांचा डावा पाय क्लचच्या पॅडलवरच विसावलेला असतो.

अशा वाहतुकीत गाडीच्या कोणत्या भागांची झीज होईल, याचा अंदाज बांधता येतो. महामार्गावर शंभर किलोमीटर जाताना क्लच मोजक्या वेळा दाबला जातो. पहाडगंजातून बाहेर पडेपर्यंत तो कितीतरी अधिक वेळा दाबला जातो. म्हणून येथील गाडीत क्लचची प्लेट, तिला मोकळी करणारे रिलीज बेअरिंग आणि पहिल्या दोन गिअरांचे भाग आधी थकतात. वरच्या गिअरांची झीज तुलनेने कमी असते. हा निष्कर्ष नव्हे, केवळ संशयाची दिशा आहे. परंतु तपासाला कोठून तरी आरंभ करावा लागतो.

शक्ती चाकापर्यंत कशी पोहोचते

इंजिनाच्या मागे एक जड चक्र असते, त्यास फ्लायव्हील म्हणतात. क्लच हा या फिरत्या चक्राचा आणि गिअरबॉक्सचा सांधा होय. पॅडल मोकळे असताना क्लचची प्लेट फ्लायव्हीलवर घट्ट दाबली जाते व दोन्ही एकत्र फिरतात. पॅडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकून स्प्रिंगवर दाब देते, प्लेट सैल होते आणि इंजिनाचा गिअरबॉक्सशी असलेला संबंध तुटतो.

मागील चाकांना शक्ती देणाऱ्या जुन्या पद्धतीच्या गाडीत गिअरबॉक्समध्ये तीन शाफ्ट असतात. क्लचकडून येणारा तो पहिला. त्याच्याशी दातांनी सतत जोडलेला, खालच्या बाजूस फिरणारा तो दुसरा. मिस्त्री त्याला काउंटर शाफ्ट म्हणतात. चाकांकडे जाणारा तो मुख्य शाफ्ट. पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या गिअरमध्ये शक्ती काउंटर शाफ्टमधून वळसा घेऊन मुख्य शाफ्टवर येते. चार गतींच्या अशा पेटीत चौथा गिअर मात्र सरळ असतो. पहिला शाफ्ट व मुख्य शाफ्ट थेट जोडले जातात आणि काउंटर शाफ्ट फिरत राहिला तरी त्याच्यावर भार उरत नाही. ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी. पुढे तिचा फार उपयोग आहे. मुख्य शाफ्टपासून शक्ती लांब प्रोपेलर शाफ्टने मागे डिफरन्शियलकडे व तेथून चाकांकडे जाते.

हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर ही या रचनेची आपल्याकडील सर्वांत परिचित गाडी. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे मे २०१४ पर्यंत तिचे उत्पादन चालू होते, आणि दिल्लीच्या स्थानकांबाहेर काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती अनेक दशके उभी असे. मारुती ८०० ही गाडी वेगळ्या घडणीची होती. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला तिची किल्ली देण्यात आली, आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्यात इंजिन आडवे बसवलेले असून शक्ती पुढील चाकांना मिळत असे. गिअरबॉक्स व डिफरन्शियल एकाच कवचात असत, आणि लांब प्रोपेलर शाफ्टऐवजी दोन आखूड शाफ्ट चाकांकडे जात. आजच्या बहुतेक लहान मोटारी याच दुसऱ्या रचनेच्या आहेत. आपली गाडी या दोहोंपैकी कोणत्या प्रकारची आहे हे ठाऊक नसेल, तर पुढील कसोट्यांचा अर्थ चुकीचा लावला जाईल.

पहिली कसोटी: उभी गाडी

गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा व इंजिन चालू करावे. प्रथम इंजिनाची गती हळूहळू वाढवून पाहावी. ज्या आवाजाची तक्रार आहे तो येथेच, क्लच दाबलेला असो वा नसो, सारखाच ऐकू येत असेल, तर गिअरबॉक्सला दोष देण्याचे कारण नाही. तो आवाज इंजिनाचा, पट्ट्यावर चालणाऱ्या पाण्याच्या पंपाचा वा डायनॅमोचा, किंवा सैल झालेल्या सायलेन्सरचा असण्याचा संभव अधिक.

यानंतर इंजिन मंद गतीवर ठेवून पॅडल सावकाश दाबावे व सावकाश सोडावे. येथे तीन शक्यता संभवतात.

पॅडलवर पायाचा किंचित भार पडताच घरघर वा शीळ सुरू होत असेल आणि पाय उचलताच ती थांबत असेल, तर रिलीज बेअरिंग झिजलेले असण्याची दाट शक्यता असते. काही गाड्यांत हे बेअरिंग सदैव स्प्रिंगला टेकलेले असते. त्यांत आवाज सुरू होण्याऐवजी भार पडताच त्याचा पोत बदलतो. पॅडलवर पाय ठेवून बसण्याच्या सवयीचा हा नेमका परिणाम होय, आणि पहाडगंजसारख्या वस्तीत तो सर्वत्र दिसतो.

आवाज पॅडल पूर्ण दाबल्यावरच, विशेषतः गाडी गिअरमध्ये असताना येत असेल, तर पहिल्या शाफ्टचे टोक ज्यात बसते ते इंजिनाकडील लहान बेअरिंग किंवा बुश संशयास्पद मानावे. याचे कारण सोपे आहे. क्लच जोडलेला असताना शाफ्ट व इंजिन एकाच गतीने फिरतात, त्यामुळे या बुशात सापेक्ष हालचालच नसते. ती क्लच तुटल्यावरच निर्माण होते.

तिसरी शक्यता याच्या उलट आहे. न्यूट्रलमध्ये पाय पॅडलवर नसताना घरघर ऐकू येते व पॅडल दाबताच ती विरते. पॅडल दाबल्यावर गिअरबॉक्समधील शाफ्ट थांबत जातात, म्हणून दोष त्यांच्या बेअरिंगमध्ये असावा असे अनुमान निघते. मात्र येथे घाई करू नये. मंद गतीवर इंजिनाचे झटके असमान असतात, आणि त्यांमुळे गिअरबॉक्समधील मोकळे दात एकमेकांवर आपटून खुळखुळतात. हे झटके शोषून घेण्यासाठी क्लचच्या प्लेटमध्ये लहान स्प्रिंगा असतात. त्या तुटल्या की खुळखुळ वाढते. दोहोंतील भेद ओळखण्यासाठी इंजिनाची गती थोडी वाढवावी. खुळखुळ असेल तर ती नाहीशी होते. बेअरिंगची घरघर असेल तर ती नाहीशी होत नाही, उलट तिचा स्वर चढतो.

दुसरी कसोटी: चालती गाडी

या कसोटीसाठी मोकळा, सरळ रस्ता हवा. पहाडगंजच्या आत तो मिळणे कठीण. पश्चिमेस झंडेवालानच्या पलीकडे अरवलीच्या अखेरच्या कड्याचा, म्हणजे दिल्लीकरांच्या रिजचा, वृक्षांनी झाकलेला पट्टा आहे व त्यातून वंदे मातरम् मार्ग जातो. अशा रस्त्यावर पहाटे, रहदारी नसताना, सोबत एका माणसाला घेऊन जावे. चालकाने रस्त्याकडे पाहावे व सोबत्याने ऐकावे. एकाच माणसाने दोन्ही कामे करू नयेत.

गाडीला ताशी सुमारे ५० किलोमीटर वेग देऊन आवाज नीट ऐकावा. मग क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणावा व गाडी आपल्या वेगाने जाऊ द्यावी. इंजिन आता मंद गतीवर उतरेल, परंतु चाके, डिफरन्शियल व गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट पूर्वीच्याच गतीने फिरत राहतील. आवाज तत्काळ बदलला वा थांबला, तर त्याचा उगम इंजिनापासून गिअरबॉक्सच्या पुढच्या भागापर्यंत कोठेतरी आहे. आवाज तसाच राहिला आणि गाडीचा वेग मंदावेल तसा तोही उतरत गेला, तर उगम गिअरबॉक्सच्या पलीकडे, म्हणजे डिफरन्शियल, चाके किंवा टायर यांत शोधावा लागेल. या एका कसोटीने शोधाचे क्षेत्र जवळजवळ निम्मे होते.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. चालत्या गाडीत इंजिन कधीही बंद करू नये. ते बंद पडताच ब्रेकला मिळणारे साह्य लवकरच संपते, आणि किल्ली काढली गेल्यास स्टिअरिंगला कुलूप बसून गाडी वळवता येत नाही. ही परीक्षा इंजिन चालू ठेवूनच करावयाची असते.

एकाच गिअरचा आवाज

उगम गिअरबॉक्समध्येच आहे असे दिसल्यास प्रत्येक गिअर क्रमाने तपासावा. आवाज केवळ एकाच गिअरमध्ये येत असेल, तर त्या गिअरच्या दातांत दोष आहे. एखादा दात तुटलेला असल्यास नियमित अंतराने टकटक होते. सर्व दात झिजलेले असल्यास सलग शीळ ऐकू येते. जुन्या पद्धतीच्या चार गतींच्या पेटीत पहिल्या तीन गिअरांत घरघर असून चौथ्यात शांतता असेल, तर संशय काउंटर शाफ्टवर घ्यावा, कारण चौथ्या गिअरमध्ये त्याच्यावर भार नसतो. पुढील चाकांच्या गाडीला मात्र हा नियम लागू पडत नाही. तिच्या पेटीत बहुधा दोनच शाफ्ट असतात व प्रत्येक गिअरमध्ये शक्ती दातांतूनच जाते.

रिव्हर्स गिअरची शीळ हा बहुधा दोष नव्हे. इतर गिअरांचे दात तिरपे कापलेले असतात. ते एकमेकांत हळूहळू शिरतात, म्हणून त्यांचा आवाज कमी असतो. रिव्हर्सचे दात अनेक गाड्यांत सरळ असतात आणि प्रत्येक दात दुसऱ्यावर एकदम आपटतो. गाडी नवी असतानाही हा स्वर येत होता काय, एवढेच आठवून पाहावे.

गिअर बदलताना होणारी करकर हा वेगळा प्रकार आहे. दोन असमान गतींचे भाग जोडण्यापूर्वी त्यांची गती सारखी करावी लागते. हे काम सिंक्रोमेश नावाची योजना करते. अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत १९२८ मध्ये ती प्रथम आली. तिच्यात पितळी शंकूच्या आकाराचे कडे गिअरच्या शंकूवर घासले जाते व दोहोंची गती जुळल्यावरच दात एकमेकांत शिरतात. हे कडे झिजले की त्या विशिष्ट गिअरमध्ये जाताना करकर होते. अँबॅसडरच्या दीर्घकाळ चाललेल्या चार गतींच्या पेटीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. त्यामुळे गाडी पूर्ण थांबण्यापूर्वी पहिला गिअर टाकल्यास होणारी करकर तेथे स्वाभाविक होती.

सर्वच गिअरांत करकर होत असेल, तर दोष बहुधा क्लच पूर्ण न सुटण्याचा असतो. उभ्या गाडीत क्लच दाबून पाच सेकंद थांबावे व मग रिव्हर्स टाकावा. एवढ्या अवधीनंतर पेटीतील शाफ्ट थांबलेले असावयास हवेत. तरीही करकर झाली, तर प्लेट अजून इंजिनाबरोबर ओढली जात आहे. पुष्कळदा क्लचची तार वा तिचे मोजमाप ठीक करण्यानेच हा दोष दूर होतो, आणि गिअरबॉक्सला हातही लावावा लागत नाही.

गिअरबॉक्सच्या पलीकडे

प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांना सांधे असतात. ते सैल झाले की गाडी सुरू होताना वा रिव्हर्स घेताना एकच "ठक्क" असा आवाज येतो. कोरडे पडले की मंद वेगात लयबद्ध चीं-चीं ऐकू येते. डिफरन्शियलमधील दातांची शीळ भारानुसार बदलते. चढावर किंवा वेग वाढवताना ती येत असेल व पाय उचलताच जात असेल, किंवा नेमके उलट घडत असेल, तर तेथील क्राऊन व पिनियन यांचे दात पाहावेत. रिजवरील चढउतार या परीक्षेस सोयीचे आहेत.

पुढील चाकांच्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढे जाताना कट-कट असा आवाज आल्यास चाकाजवळचा सांधा झिजला आहे असे समजावे. त्यावरील रबरी टोपी फाटून वंगण बाहेर उडालेले बहुधा दिसते. टोपी फाटल्याबरोबर बदलली असती तर सांधा वाचला असता, असे अशा वेळी लक्षात येते.

चाकाच्या बेअरिंगची घरघर गाडीच्या वेगाबरोबर वाढते व क्लचशी तिचा काहीही संबंध नसतो. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा घरघर वाढली तर उजवे चाक, आणि उजवीकडे वळताना वाढली तर डावे चाक तपासावे. ते चाक जॅकने उचलून, गाडीखाली भक्कम आधार देऊन, वर व खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर विलंब करू नये. टायरांचा आवाज मात्र रस्त्याच्या पृष्ठभागाप्रमाणे बदलतो. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर जाताच स्वर पालटला, तर बेअरिंगऐवजी टायर पाहावेत. पहाडगंजच्या अरुंद गल्ल्यांचा येथे एक उपयोग होतो. काच खाली करून एखाद्या भिंतीलगत सावकाश गाडी नेल्यास त्या बाजूच्या चाकाचा आवाज भिंतीवरून परत येऊन स्पष्ट ऐकू येतो.

फसवे आवाजही असतात. इंजिनाखालचा रबरी आधार तुटला की क्लच सोडताना धक्का बसतो, आणि तो गिअरबॉक्सचाच वाटतो. गिअरचा दांडा खडखडत असेल तर तो क्षणभर हाताने धरून पाहावा. खडखड थांबल्यास दोष केवळ त्याच्या बुशात आहे. हात मात्र कायम दांड्यावर ठेवू नये. त्या दाबाने आतील फोर्क झिजतो.

आकड्यांची मदत

आवाज किती वेळा होतो हे मोजता आले, तर उगम अधिक निश्चित होतो. लहान मोटारीच्या चाकाचा परीघ सुमारे १.६ मीटर धरला, तर ताशी ६ किलोमीटर वेगाने, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, चाक सेकंदाला जेमतेम एक फेरा घेते. टायरवर खडूची खूण करून सोबत्याने बाजूने चालावे व ठोके मोजावेत. प्रत्येक फेऱ्याला एक ठोका पडत असेल तर दोष चाकात, ब्रेकमध्ये वा टायरमध्ये आहे. मागील चाकांच्या गाडीत प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या सुमारे चौपट वेगाने फिरतो. म्हणून एका फेऱ्याला चार ठोके पडले तर त्या शाफ्टकडे वळावे.

बेअरिंगचे गणित थोडे निराळे आहे. त्यातील गोळ्या शाफ्टच्या निम्म्याहून किंचित कमी गतीने प्रदक्षिणा घालतात. आठ गोळ्यांच्या बेअरिंगच्या बाहेरील स्थिर कड्यावर खळगा पडला, तर शाफ्टच्या एका फेऱ्यात त्यावरून सुमारे तीन गोळ्या जातात व तेवढेच ठोके पडतात. दातांचे ठोके याहून कितीतरी दाट असतात. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला ५०. शाफ्टवरील चक्राला २० दात असतील तर सेकंदाला १००० ठोके होतात. इतके ठोके कानाला सुटे ऐकू येत नाहीत, ते शिट्टीसारखे भासतात. म्हणूनच सामान्यतः दात शीळ घालतात व बेअरिंग घरघरते.

तेलाची साक्ष

गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी त्यातील तेल पाहावे. पातळी कमी असल्यास केवळ तेवढ्यानेही आवाज वाढतो, आणि गळती बंद करून तेल भरल्यावर पुष्कळदा तो कमी होतो. तेल निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचेच असावे. जुने तेल स्वच्छ भांड्यात काढून त्यात लोहचुंबक फिरवावा. बारीक करडा लेप चुंबकाला लागणे ही नित्याची झीज होय. पोलादाचे कण बोटांना टोचू लागले, तर दात वा बेअरिंग फुटत आहे. चुंबकाला न चिकटणारी सोनेरी चकाकी पितळाची असून ती सिंक्रोमेशच्या कड्यांकडे बोट दाखवते.

ऐकण्याचे साधन

१८१६ मध्ये पॅरिस येथे रने लाएनेक या वैद्याने कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले, व त्यातून स्टेथोस्कोप जन्मास आला. गॅरेजातील मिस्त्री लांब पेचकसाचे टोक कवचावर ठेवून त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावतो, तेव्हा तोही याच तत्त्वाचा उपयोग करीत असतो. घन पदार्थातून ध्वनी स्पष्ट येतो आणि बाहेरचा कोलाहल गळून पडतो. कवचावर एकेका बेअरिंगच्या जागी पेचकस टेकवीत गेल्यास आवाज सर्वांत तीव्र कोठे आहे हे कळते. मात्र हे काम जाणत्या माणसाने, गाडी भक्कम आधारावर असतानाच करावे. ओढणी, मफलर वा सैल बाही फिरत्या भागांजवळ नेऊ नये.

मिस्त्रीला काय सांगावे

दिल्लीचा मिस्त्री बेअरिंगच्या आवाजाविषयी "बोल रहा है" असे म्हणतो. मराठीत आपण बेअरिंग वाजते म्हणतो. वर्णनासाठी आपल्या भाषेत घरघर, खुळखुळ, करकर, टकटक, शीळ असे नेमके शब्द आहेत, व ते अवश्य वापरावेत. परंतु आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो, ही माहिती अधिक मोलाची असते. गॅरेजात जाण्यापूर्वी एका कागदावर पुढील गोष्टी लिहून न्याव्यात: गाडी उभी असताना आवाज येतो की चालताना, क्लच दाबल्यावर येतो की सोडल्यावर, कोणत्या गिअरमध्ये, इंजिनाच्या गतीबरोबर बदलतो की गाडीच्या, चढावर, उतारावर व वळणावर त्यात काय फरक पडतो, गाडी थंड असताना येतो की तापल्यावर. शक्य असेल तर मिस्त्रीला गाडीत बसवून तो आवाज प्रत्यक्ष ऐकवावा.

असा कागद हाती असला की मिस्त्रीचा वेळ वाचतो, आणि अनावश्यक भाग बदलण्यास वाव राहत नाही. काश्मिरी गेटच्या बाजारात गिअरबॉक्सचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग मिळतो; कोणता भाग आणावयाचा हे आधी ठरले पाहिजे. काढलेला जुना भाग मालकाने मागून घ्यावा व निदान खरे होते काय हे स्वतः पाहावे. बेअरिंगच्या कड्यावरील खळगा किंवा झिजलेला दात डोळ्यांनाही दिसतो.

अखेरीस, काही लक्षणे परीक्षेची वाट पाहत नाहीत. चाकापाशी घरघरीबरोबर जळका वास येऊ लागला, गिअर आपोआप सुटू लागला, पेटीखाली तेलाची धार दिसली, किंवा स्टिअरिंगमध्ये अचानक थरथर जाणवली, तर गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवावी व ओढून न्यावी. इतर सर्व आवाजांना एक-दोन दिवस शांतपणे ऐकण्याइतका अवधी असतो. त्या अवधीत वरील कसोट्या क्रमाने केल्या, तर गॅरेजच्या दारात उभा राहणारा मालक नुसती तक्रार घेऊन येत नाही. निम्मे निदान त्याने स्वतःच केलेले असते.